जोडीतला दुसरा हत्ती

नवस कोणी केला, याला फारसं महत्त्व नसतं. नवसाचे हत्ती कोणी उचलले, याला असतं. आणि ते मी उचलले. एरवी आमच्या फ्रे गावात थवीप हे नाव लोक जरा आदराने घेतात. पोस्टातून मुख्य सॉर्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे मी. आमच्या गावातून बँकॉकला जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून गेलं. लाडप्राव, बांगरक, सामसेन, ख्लोंगतोई, कुठल्या गल्लीचा कुठला पिनकोड, झोपेतून उठवून विचारा. एवढीच एक गोष्ट राहून गेली होती, की बँकॉक मी कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवात झाली ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे खामपान आजींनी, ऐंशी कधीच ओलांडली आहे. मी लग्न करून त्यांच्या घरी नांदायला आलो. आमच्या उत्तरेत रीतच तशी आहे, त्यामुळे सासुरवास म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला, की ताटात भात कुठे आणि चटणी कुठे हे त्या वासावरून ओळखायच्या. खूप वाट पाहून ऑपरेशनची तारीख मिळाली आणि सासूबाईंनी डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं, "मी टेबलावर झोपणार नाही. बँकॉकच्या देवीचा नवस फेडायचा राहिलाय."

"आजी, नवस नंतर फेडा की," डॉक्टर म्हणाले. "देवी नीट दिसेल तरी."

"आणि मी टेबलावरून उठलेच नाही तर? देवीचं देणं डोक्यावर घेऊन वर जाऊ?"

"मोतीबिंदूने कोणी मरत नाही, आजी."

"तुला काय ठाऊक. तू मेलायस कधी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. ही तारीख चुकली तर पुढची पावसाळ्यानंतर, असं नर्सबाईंनी जाता जाता ऐकवलं, आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की पावसाळ्यापर्यंत हा मोतीबिंदू थांबायचा नाही, आत फुटला तर डोळा कायमचा जाईल. म्हणजे नवस फेडायचा तर लगेच फेडायचा होता.

आता नवस कसला, ते सासूबाई सांगेनात. "फेडेपर्यंत बोलायचा नसतो," एवढंच. माझी बायको लामियात हिचा तर्क असा, की वडिलांची दारू सुटावी म्हणून आईने तो केला असणार. पण माझे सासरे अखेरच्या दिवसापर्यंत मन लावून प्यायले, आणि न फळलेला नवस कोण फेडतं? माझा संशय लॉटरीवर होता. पण लॉटरी लागली असती तर आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर अजून गळलं नसतं. एवढंच कळलं की आमचं लग्न ठरलं त्या सुमाराला सासूबाई बँकॉकला त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या, आणि तिथल्या एका देवीला त्यांनी गुडघ्याएवढ्या सागवानी हत्तींची जोडी कबूल केली होती.

"कुठली देवी, आई?" मी विचारलं.

"झाडाखालची. ताखियानचं झाड. बाजूला कालवा आहे आणि तिथे आप्प्यांचा वास येतो."

"पत्ता काय?"

"सांगितला की आत्ता."

असले पत्ते नोकरीत मी शेकड्याने पाहिले होते. 'पत्ता अपुरा' असा शिक्का मारून परत पाठवत होतो. पण पत्राला शिक्का मारता येतो, सासूला मारता येत नाही.

हत्ती आमच्याच गावच्या तिप सुताराने कोरले. सागवान आणि फ्रे यांचं नातं जुनं, तेव्हा लाकडाचा प्रश्न नव्हता. प्रश्न गुडघ्याचा आला. गुडघ्याएवढा म्हणजे कोणाच्या? तिपचा गुडघा धरला तर हत्ती बैलगाडीतून न्यावे लागले असते. शेवटी सासूबाईंचा गुडघा मोजला. त्या बुटक्या आहेत याबद्दल मी देवाचे आभार त्या दिवशी पहिल्यांदा मानले. तरीही एकेक हत्ती दीड वर्षाच्या गुटगुटीत पोराएवढा भरला, आणि पोर निदान मानेला मिठी मारून बसतं.

मग शेजारी आले. आमच्या आळीत बँकॉकला गेलेली माणसं तीनच, पण बँकॉकबद्दल सल्ला देणारी घरटी दोन. समोरच्या वानदी मावशींनी बजावलं, "तिकडचा भात पोटात थांबत नाही. आपला चिकट भात बांधून न्या." कोपऱ्यावरच्या निवृत्त हवालदारांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "सागवान घेऊन चाललायस. वाटेत कोणी विचारलं तर लाकूड म्हणू नकोस, हत्ती म्हण." त्यांच्या बायकोने सांगितलं, "हत्ती म्हणू नका, जंगलखात्याचे लोक येतील. देवाची वस्तू म्हणा." मी गावची शान म्हणून निळीत रंगवलेला आमचा फ्रेचा जाडाभरडा सदरा घातला, दोन्ही हत्ती चौकटीच्या सुती फडक्यांत गुंडाळले, आणि आम्ही तिघं रात्रीच्या गाडीत बसलो. खरं सांगतो, मला झोप आली नाही. या वयात माणसाने इतकं हरखून जाऊ नये, पण मी गेलो होतो.

सकाळी उतरलो आणि भाताच्या पातेल्याचं झाकण उघडावं तशी बँकॉकची हवा तोंडावर आली. काय ती गर्दी, काय तो आवाज! डोक्यावरून रेल्वे, तिच्या वरून रस्ता, त्याच्याही वरून आणखी काहीतरी. फुटपाथवर तळणं, भाजणं, कुटणं, सगळं एकाच वेळी चाललेलं. मी पाट्या वाचत सुटलो. ज्या गल्ल्या मी जन्मभर लाकडी खणांत टाकल्या होत्या त्या चक्क जागेवर होत्या. त्यांच्यात माणसं राहत होती, गॅलऱ्यांत चड्ड्या वाळत होत्या. प्रत्येक पाटीला मी मोठ्याने पिनकोड सांगत होतो. लामियात म्हणाली, "अहो, हळू. लोकांना वाटेल लॉटरीचे आकडे सांगताय." तोवर दोघांनी खरंच लिहून घेतले होते.

पहिली अडचण भुयारी रेल्वेच्या दारात आली. तिथल्या पहारेकऱ्याने फडकं बोटाने उचलून पाहिलं. पोरगा तरुण, गणवेश कडक इस्त्रीचा.

"काका, हे काय?"

मला हवालदार आठवले. "हत्ती," मी म्हणालो. मग त्यांची बायको आठवली. "देवाची वस्तू."

"प्राणी आत न्यायला बंदी आहे."

"हा लाकडाचा आहे."

"लाकडी सामान इतकं मोठं नेता येत नाही."

"मग प्राणी समज."

त्याने बिनतारी यंत्रावरून साहेबाला विचारलं. साहेबाने विचारलं, हत्ती किती. दोन. साहेब खाली आला. त्याने भिंतीवरचा फलक पाहिला. फुगे बंद, कुत्री-मांजरं बंद, उग्र वासाचं ड्युरियन फळ बंद. हत्तीचं चित्र नव्हतं. बंदी नाही हे खरं, पण परवानगी तरी कुठे आहे, असा मुद्दा त्याने काढला, आणि सरकारी नोकरीत आयुष्य घालवल्यामुळे मला तो मनापासून पटला. मागे रांग पार रस्त्यापर्यंत गेली. शेवटी सासूबाई चाचपडत पुढे झाल्या. "बाळांनो, नवसाचे आहेत. चारा खात नाहीत आणि घाणही करत नाहीत." नवसाचे म्हटल्यावर दोघांनी टाचा जुळवल्या, हात जोडले आणि हत्तींना आधी आत सोडलं. आम्हा तिघांच्या पिशव्या मात्र उघडून पाहिल्या.

"देवी कुठली?" साहेबाने विचारलं. मी झाड, कालवा, आप्पे सांगितलं. "अच्छा, ती होय," तो म्हणाला आणि त्याने अगदी ठामपणे उतरायचं स्टेशन सांगितलं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या देशात म्हाताऱ्या बाईने रस्ता विचारला आणि 'माहीत नाही' असं उत्तर दिलं, तर तो उद्धटपणा. तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? चुकीचा रस्ता सांगावा, पण हसून सांगावा, आणि जमलं तर चार पावलं सोबत चालावं. त्यामुळे त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकाला आमची देवी माहीत होती. पोलिसाला, मोटरसायकलवाल्यांना, लिंबाचं सरबत विकणाऱ्या बाईला, सगळ्यांना. प्रत्येकाची दिशा निराळी. मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार? स्टेशनबाहेर एका घामाघूम कुटुंबाने मला यावारात या चिनी बाजाराकडे जायचा रस्ता विचारला, तेव्हा बँकॉकमध्ये येऊन मला तासही झाला नव्हता, आणि मी त्यांना हात लांब करून दोन वळणं आणि एक पूल सांगून मोकळा झालो. दुपारी ते कुटुंब मला पुन्हा दिसलं. ते पुलापर्यंत पोचले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी हत्ती तोंडासमोर धरला.

साहेबाने सांगितलेल्या जागी देव होता, पण देवी नव्हती. चौमुखी ब्रह्मदेव होता, उंच दुकानांच्या पायथ्याशी, आणि त्याच्यासमोर चमचमत्या मुकुटातल्या मुली कोणाच्या तरी फळलेल्या नवसाचा नाच करत होत्या. मी तो नाच बघत रंगून गेलो आणि इकडे लामियातने गुडघे टेकून, डोळे मिटून सांगूनही टाकलं, "देवा, आज आईची देवी सापडू दे. तुला लाल सरबताच्या डझनभर बाटल्या ठेवीन."

"अगं, हा दुसरा नवस झाला," मी म्हणालो.

"मग? तुमच्या पिनकोडने सापडतेय का?"

पुढे एका बँकेच्या मागे पिंपळाखाली 'आजोबा' म्हणतात त्या राखणदार देवाचं देऊळ लागलं, तिथे तिने उकडलेली शंभर अंडी कबूल केली. तिथल्या पुजाऱ्याने पाठवलं त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या देवीला रेशमी झगा. एका देवीचं देणं फेडायला निघालेलं आमचं कुटुंब जेवणाच्या वेळेपर्यंत तीन नव्या देवांचं ऋणको होऊन बसलं. मी बुद्धिवादी माणूस आहे. पत्ता नीट लिहिला की पत्र पोचतं, एवढी माझी श्रद्धा. पण पत्नीच्या श्रद्धेच्या अंड्यांची पिशवी शेवटी कोणाच्या हातात येणार, हेही मला दिसत होतं.

दुपारचं ऊन असं तापलं की डांबरात चप्पल रुतायला लागली. एका मोठ्या दुकानाच्या पायऱ्यांवर सावली पाहून आम्ही बसलो. हत्तींना हवा लागावी म्हणून मी फडकी सोडली आणि चिकट भाताची पुरचुंडी उघडली. घास तोंडात जातो न जातो तोच एक गोरं जोडपं समोर येऊन उभं राहिलं. बाईने हत्तीच्या पाठीवरून हात फिरवला, पुरुषाने बोटांनी भाव विचारला. मी मान हलवली. त्याने एक बोट वाढवलं. मी पुन्हा हलवली. तो आणखी एक बोट वाढवून हसला, माझी घासाघीस त्याला आवडली असावी. ते गेले तर एक बँकॉकची बाई आली, माझा निळा सदरा वरून खाली पाहिला आणि म्हणाली, "दोन थंड कॉफी, साखर कमी." आमच्या गावचा मानाचा सदरा इथल्या हॉटेलांत वाढप्यांना घालतात, हे मला त्या क्षणी कळलं. मी तिला फ्रेच्या संस्कृतीबद्दल चार शब्द सांगणार होतो, पण सासूबाई म्हणाल्या, "थवीप, आण की. मलाही एक."

कॉफी पिऊन झाल्यावर त्या एकदम ताठ बसल्या. नाक वर केलं.

"कालवा," त्या म्हणाल्या.

मला तर तळलेल्या लसणाशिवाय कसलाच वास येत नव्हता. पण त्या उठल्या आणि चालू लागल्या, एक हात लामियातच्या खांद्यावर, दुसरा हात हवेत. डोळस माणसांच्या गर्दीतून ती जवळजवळ आंधळी बाई अशी वाट काढत होती की मोटरसायकली थांबत होत्या. दुकानामागची बोळ, तिच्यातून पायऱ्या, आणि खाली खरोखर कालवा, काळंशार पाणी आणि धक्क्याला लागलेली लांबलचक नाव. मी अक्षरशः टाळी वाजवणार होतो, पण हातात हत्ती होता.

"पहिल्यांदा आले तेव्हा नावेतूनच आले होते," सासूबाई म्हणाल्या. "नावेत बसवा मला. वास आला की सांगते."

त्या नावेत बसणं ही काही म्हाताऱ्यांची गोष्ट नाही. ती धक्क्याला टेकते न टेकते तोच माणसं उड्या मारून चढतात, उड्या मारून उतरतात, आणि ती निघते. डोक्यावर शिरस्त्राण घातलेल्या तिकीटवाल्या बायका काठाच्या फळीवरून माकडासारख्या फिरत असतात. आम्ही कसेबसे आत पडलो. एका शाळकरी मुलीने माझ्या हातातलं फडक्यातलं गाठोडं पाहिलं आणि पटकन उठून उभी राहिली. "आजोबा, बाळाला झोपवा इथे." आता तिला काय सांगायचं? मी हत्तीला बाकावर झोपवलं आणि त्याच्या पाठीवर थोपटलंही. पाणी उडू नये म्हणून लोकांनी दोऱ्या ओढून ताडपत्री वर केली, नाव सुसाट सुटली, आणि मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पिनकोड म्हणायला लागलो.

"आप्पे," सासूबाई एकाएकी म्हणाल्या. "उतरा. उतरा इथे."

नाव धक्क्याला घासत होती. मी सासूबाईंना दोन्ही हातांनी धरलं, लामियातने दुसरा हत्ती कमरेवर घेतला, कोणीतरी मागून ढकललं, आणि आम्ही तिघं धक्क्यावर उभे. नाव गेली. मी हाश्श करून कपाळाचा घाम पुसला. दोन्ही हातांनी पुसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ताडपत्रीच्या फटीतून तो दिसत होता. बाकावर शांत झोपलेला, आणि ती शाळकरी मुलगी त्याला पदराने वारा घालावा तसा वहीने वारा घालत होती.

लामियातने तिच्याकडचा हत्ती माझ्यापासून लांब, दुसऱ्या कमरेवर घेतला. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" आणि मी सांगितलं, "काही नाही, आई, तुमचा एक हत्ती जरा पुढे गेलाय." संध्याकाळी परतीची गाडी, परवा सकाळी ऑपरेशन. जोडी पुरी नाही तर नवस पुरा नाही, नवस पुरा नाही तर टेबल नाही, आणि त्या बाईचे डोळे माझ्या घाम पुसण्यापायी जायचे. पुढची नाव लागत होती. तिच्या टोकाला नावेच्या मालकिणीसाठी, म्हणजे नावेत राहणाऱ्या देवीसाठी, फुलांचे हार आणि रंगीत फडकी बांधलेली होती. मी, बुद्धिवादी माणूस, तिच्यापुढे हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "नाव-आई, माझा हत्ती परत दे. मी स्वतः तुझ्यापुढे नाचेन."

नाच का, ते विचारू नका. सकाळचा तो नाच डोक्यात राहिला असावा. शिवाय सरबत, अंडी आणि झगा बायकोने आधीच वाटून टाकले होते.

उलट्या दिशेने येणारी नाव थोड्या वेळाने धक्क्याला लागली आणि फळीवरून तिकीटवाली ओरडली, "बाळ कोणाचं? हे लाकडी बाळ कोणाचं?" तिने हत्ती खांद्यावर घेतला होता. त्याच्या गळ्यात कोणीतरी झेंडूची माळ घातली होती.

"माझं," मी म्हणालो.

"काका, शेवटच्या धक्क्यापर्यंत गेला. त्या मुलीने जपून आणून दिला. नातू विसरतं का कोणी असं?"

मी हत्ती छातीशी धरला. मग तो लामियातकडे दिला, सदऱ्याची गुंडी सोडली आणि तिकीटवालीला म्हणालो, "ताई, नाव क्षणभर थांबवता येईल का? मला तुमच्या देवीपुढे नाचायचंय."

दुसऱ्या कुठल्या शहरात मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं असतं. इथे ती फक्त म्हणाली, "नवस का? मग लवकर आटपा, काका, मागे नाव आहे." आणि आतल्या लोकांना तिने बजावलं, "नवस आहे, कोणी कुरकुर करू नका."

आमच्या उत्तरेत पुरुषांचा एक जुना नाच आहे, हात तलवारीसारखे फिरवायचे आणि एका पायावर गिरकी घ्यायची. शाळेत शिकलो होतो. नंतर कधी केला नाही. पोस्टात तशी वेळ आली नाही. मी हात फिरवले. धक्क्यावरची गर्दी ढोलासारख्या टाळ्या द्यायला लागली. लोकांनी मोबाईल वर केले. दुसऱ्या गिरकीला पोटरीत कळ आली, पण लंगडतही नाचता येतं हे मला तिथे कळलं. सांगायला लाज वाटते, पण तिसरी गिरकी नवसाची नव्हती. ती मी माझ्या आनंदासाठी घेतली.

नाव भोंगा वाजवून गेली. गर्दी मात्र हलली नाही, आणि गर्दी दिसली की धंदा येतोच. एक ठुसकी बाई हातगाडी ढकलत पुढे आली. गाडीवर कोळशाची शेगडी, बिडाचा तवा, आणि त्यात नारळाच्या दुधाचे आप्पे.

सासूबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, ही गाडी कोणाची?"

"माझ्या आईची होती, आजी. एरवी मी इथे नसते, मागे ताखियान देवीपाशी असते. आज इथे कोणीतरी म्हातारा वेड्यासारखा नाचतोय म्हणाले, म्हणून आले."

मी सदऱ्याची गुंडी लावली.

देवी आता मोटारी ठेवायच्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. झाड कापलं नव्हतं. इमारतच त्याला वळसा घालून बांधलेली. बुंध्याला रंगीबेरंगी फडकी, खाली मुठीएवढी मूर्ती, दोन्ही बाजूंना गाड्या. आप्पेवाली सोबत आली. सासूबाईंनी बुंध्यावर हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि त्यांचे ते पांढुरके डोळे भरून आले. माझेही आले. मी दोन्ही हत्ती पुसून मूर्तीपुढे ठेवले.

सासूबाईंनी चाचपून पाहिलं. एक हत्ती पुढे सरकवला. दुसरा उचलून माझ्या हातात दिला.

"हा परत घेऊन चल."

"आई, जोडी कबूल केली होती ना?"

"हो."

"मग?"

त्या आधी देवीशी काहीतरी पुटपुटल्या, मग माझ्याकडे वळल्या. "एक फेडला, दुसऱ्याला देवीने मुदत दिलीय, आता सांगते. तुझं लग्न ठरलं तेव्हा मी तुला एकदाच पाहिलं होतं. हिच्या वडिलांच्या मांडीवर सार सांडलंस आणि त्यांनाच म्हणालास, वाटी चुकीच्या जागी ठेवली होती. मी इथे येऊन देवीला सांगितलं, बाई गं, शब्द तर देऊन बसलोय. आता माझ्या पोरीला नवरा बरा निघू दे, हत्तींची जोडी देईन."

लामियात तोंडावर हात ठेवून हसायला लागली. आप्पेवालीसुद्धा.

"म्हणजे इतकी वर्षं नवस फेडला नाही तो..." मी म्हणालो.

"माणूस कळायला वेळ लागतो. घाई कशाला करायची?"

"आणि आता कळला?"

"अर्धा," सासूबाई म्हणाल्या. "खरं तर आज दोन्ही इथवर आणले ते देवीला विचारायला. नावेत हत्ती विसरलास तेव्हा म्हटलं, दोन्ही परत न्यावेत. पण मग तू नाचलास. लोक काय म्हणतील याच्या पलीकडे तू जन्मात कधी पाऊल टाकलं नाहीस. आज माझ्या डोळ्यांसाठी टाकलंस. मला दिसलं नाही, पण टाळ्या ऐकल्या मी."

मला अपमान वाटायला हवा होता, आणि वाटतही होता. पण त्याच वेळी छाती अशी भरून आली होती की मी नुसताच हत्ती धरून उभा राहिलो.

संध्याकाळी सरबत, अंडी, झगा सगळं पोचवून आम्ही धावतपळत स्टेशन गाठलं. भुयारी रेल्वेच्या दारात तोच पहारेकरी होता. त्याने गाठोडी मोजली. "काका, एकच खपला का?"

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुटल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा लामियातला पाहिलं, मग मला. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "केस गेले की रे सगळे." बस्स. वानदी मावशींनी एकच हत्ती परत का आला असं विचारलं, तेव्हा लामियातने सगळं सांगितलं, त्यामुळे आता आळीत मला कोणी सॉर्टर म्हणत नाही. अर्धा जावई म्हणतात.

दुसरा हत्ती आमच्या टीव्हीवर असतो. त्याची जागा सासूबाई ठरवतात. मी दुधाचं पातेलं उतू घालवलं, किंवा लामियातशी चढ्या आवाजात बोललो, की हत्तीचं तोंड भिंतीकडे वळतं. चांगले दिवस असले की ते अंगणाकडे असतं. दाराकडे, म्हणजे स्टेशनच्या रस्त्याकडे, ते कधीच नव्हतं. आज सकाळी उठलो तर हत्ती दाराकडे पाहत होता, आणि त्याच्याखाली चौकटीचं फडकं धुऊन घडी घालून ठेवलेलं होतं. सासूबाई अंगणात मिरच्या निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी जुन्या निळ्या सदऱ्याला इस्त्री केली आणि मग परसात जाऊन, कोणी बघत नाही असं पाहून, एका पायावरच्या गिरकीचा सराव करायला लागलो.